सातव्या पायरीनंतर

टोलीडोमधलं ते घर बर्बँकमध्ये होतं,
अकरा नंबरच्या स्टेजवर, तीन भिंतींचं.
चौथीच्या जागी दोनशे चाळीस खुर्च्या
आणि त्यांच्यापुढे मी, मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच.
माझं काम एवढंच: कप कुठल्या हातात होता,
ग्लासात दूध किती उरलं होतं,
शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की नाही.
हसायचं नाही. हसलं की नजर हलते.

थोरला क्लिफर्ड, विमा कंपनीत,
बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवणारा, मिठाच्यासुद्धा.
धाकटा डेनी: एक घटस्फोट, एक ट्रॉम्बोन,
आणि ओला टॉवेल कायम थोरल्याच्या खुर्चीवर.
बाप गेला, घर दोघांच्या नावे,
विकायचं तर दोघांची सही हवी,
आणि दोघं एकाच दिवशी कधी हो म्हणत नाहीत.
बस्स. एवढ्यावर तेरा भाग निघतील
असं वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं होतं.

वाईट होती का मालिका? होती.
विनोद आधीच दारात येऊन उभा असायचा,
बेल नंतर वाजायची.

जमिनीवर चिकटपट्ट्या: थोरल्याची निळी, धाकट्याची पिवळी.
कोण कुठे थांबणार ते ठरलेलं.
सख्ख्या भावांना असं कुणी आखून देत नाही,
म्हणून ते जन्मभर
एकमेकांच्या उजेडात येत राहतात.

भांडण झालं की डेनी दाणदाण जिना चढायचा.
पायऱ्या सात. वर खोली नव्हतीच.
प्लायवूडचं एक फळकूट, वाळूची बादली,
आणि काळोख, ज्यात उभं राहून
खालचे संवाद ऐकत आपल्या पाळीची वाट बघायची.

चौथ्या भागात दोघंही रागावून वर गेले.
खाली टोस्टरमधून धूर निघत होता,
आणि लोक रिकाम्या दिवाणखान्याला हसत होते.
मी मागच्या बाजूला गेले, वेळ सांगायला.
मेरिल हॅस्किन्स, वय बावन्न, फळकुटावर बसलेला,
मेकअपमधून घाम वाट काढत होता.
विक टेडेस्को गुडघ्यावर, त्याच्या बुटाची नाडी बांधत.
मेरिलची पाठ गेली होती. वाकता येत नव्हतं.
कुणाला सांगितलं नव्हतं त्यानं; विकलाही नाही, बहुतेक.
दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.
मी वहीत लिहिलं: डावा बूट, दुहेरी गाठ.
आधी साधी होती.

पाच भाग दाखवले गेले. दोन डब्यात राहिले.
आठवा लिहून तयार होता, त्यात म्हणे सह्या होणार होत्या.
बुधवारी फोन आला, गुरुवारी सुतार,
दुपारी जेवायच्या सुट्टीआधी टोलीडो संपलं.
फ्रीज कधी चालूच नव्हता, तरी एक पोरगा
सवयीनं त्याचा प्लग शोधत होता.
मिठाची बरणी मी पिशवीत टाकली. चोरीच ती.
घरी येऊन चाखलं. साखर.

एकोणीस वर्षांनी, ग्लेनडेलच्या टेकडीवर,
मेरिलला मातीत ठेवायचं होतं.
विक आला, सॅन पेड्रोहून, हातांना बोटींचा रंग.
मेरिलचा खरा भाऊ, अॅक्रनचा नॉर्बर्ट,
दारातल्या पाहुण्याला विचारावं तसं म्हणाला, आपण कोण?
विकनं तोंड उघडलं.
मिटलं.
मग पेटीच्या डावीकडे जाऊन उभा राहिला,
दोन पावलं मागे, खांदा जरासा तिरपा,
थोरल्यावर उजेड पडावा म्हणून.

गवतात पट्टी नव्हती. माझ्याकडे वही नव्हती.
तरी सांगते, जागा एका इंचानं चुकली नव्हती.

नॉर्बर्ट मात्र थेट पुढे आला,
सूर्य पाठीशी घेऊन,
आणि त्याची सावली पेटीभर पडली.
सख्खाच तो.